मागच्या सीटमागची पेटी

तुमच्या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते. खरं सांगायचं तर ते लिहिणाऱ्या बऱ्याच जणांना त्या दिवशी थोडा ताप असावा, असं मला वाटत आलं आहे. मी सुरतला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये शिकले. तिथे रात्री कुणी भुताचं नाव काढलं की सकाळी सिस्टर मैदानाला फेऱ्या मारायला लावत. भुतांवरचा माझा विश्वास त्या फेऱ्यांतच दमून गेला. त्यामुळे हे पत्र लिहिताना मला थोडं ओशाळल्यासारखं होतंय... यात भूत नाही, एवढं आधीच सांगते.

आमचं गाव धुळे जिल्ह्यात, नंदुरबार तालुक्यात, तापीच्या काठावर. नदीच्या पलीकडच्या अंगाला सारंगखेडा. गावाचं नाव लिहीत नाही. घरच्यांना आवडणार नाही.

घरात आप्पा, आई, माझा मोठा भाऊ वसंतदादा, मी, आणि आमची फुई. फुई म्हणजे आत्या, आप्पांची धाकटी बहीण. तरुणपणीच विधवा होऊन ती आमच्याकडे आली, तेव्हा तिची कुसुम कडेवर होती. कुसुम शाळेत जायला लागली त्या सुमारास फुईला टायफॉइड झाला. ताप उतरला, पण ऐकू येणं गेलं ते गेलंच. दोन्ही कान. ती ओठांवरून बोलणं ओळखायची. फक्त आप्पांचं बोलणं तिला कळत नसे, कारण आप्पांच्या मिशा. “तो बोलस का चाराना भारा हालस तेच समजत नही,” असं ती म्हणायची, आणि चाऱ्याच्या भाऱ्यासकट सगळे हसायचे.

फुईला दया अजिबात चालत नसे. दादाने एकदा सुरतहून कानाला लावायचं यंत्र आणलं होतं. ते तिने दोन दिवस लावलं आणि मग कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवून दिलं.

कुसुमचं लग्न ठरलं त्या वर्षीची ही गोष्ट. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यावर लग्न होतं, नवरदेव नवापूरकडचा. घरात पापड-कुरडयांची गडबड. फुई आणि मी ओट्यावर गहू निवडत बसलो होतो. माझ्याकडे न बघता ती एकदम म्हणाली, “तू शिकेल शे. एक सांग. मन्ही पोरना आवाज आते कसा शे व?”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिने कुसुमचा आवाज ऐकला होता तो सहा-सात वर्षांच्या पोरीचा. आता तिच्यासमोर वावरणारी ही मोठी मुलगी कशा आवाजात बोलते, हे तिला माहीतच नव्हतं. आणि आता तर ती मुलगी दुसऱ्या घरी निघाली होती.

आवाज कसा असतो हे कसं सांगायचं? मी इंग्रजीत शब्द शोधले, मराठीत शोधले. शेवटी नुसतं “चांगला आहे” असं म्हटलं. फुईने माझ्या ओठांकडे पाहिलं आणि पुन्हा गहू निवडायला लागली.

त्याच दिवसांत दादाचं एक गुप्त काम चालू होतं. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत तंबूतला सिनेमा यायचा. त्या तंबूवाल्याकडून दादाने पडद्यामागचा एक मोठा स्पीकर मिळवला होता, कागद फाटलेला. तो त्याला आमच्या जुन्या काळ्या मोटारीच्या डिकीत बसवायचा होता, पण कुणाला दिसता कामा नये. वरात निघाली की ढोल घुमेल, आणि तो कुठून घुमतोय ते वऱ्हाडाला शोधू दे... एवढीच त्याची हौस. आप्पांना कळलं असतं तर त्यांनी दादालाच डिकीत घातलं असतं.

यात माझी गरज होती, कारण दादाकडे रेडिओवरचं एक इंग्रजी मासिक होतं आणि त्याचं इंग्रजी बेताचं. आप्पा शेतावर गेले की दुपारी आम्ही गोठ्याशेजारच्या शेडमध्ये मोटार घ्यायचो. तो मागची सीट काढायचा, मी पायरीवर बसून वाचायचे.

“एन्क्लोजर म्हणजे काय गं?” त्याने विचारलं.

“बंदिस्त जागा. कोंडवाडा म्हण.”

“मग सरळ कोंडवाडा लिहायचं ना!”

फाटलेला कागद त्याने पतंगाच्या कागदाने आणि सरसाने जोडला. मोडक्या पलंगाच्या सागवानी फळ्या कापून सीटच्या पाठीमागे बसतील अशा केल्या, मधे गोल भोक पाडून स्पीकर आवळला. मागून पेटी केली आणि फटी मेणाने बुजवल्या. पेटीत आवाज घुमून फाटू नये म्हणून काहीतरी मऊ भरा, असं मासिकात होतं. मऊ काय, घरात कापूस मोप होता. सीट परत बसवली की काही दिसत नसे. डिकी उघडली तरी वाटावं, मोटारीचीच फळी आहे. अँप्लिफायर आणि जादा बॅटरी डिकीत, पोत्याखाली.

पहिल्यांदा ढोलकीची रेकॉर्ड लावली तेव्हा मोटारीच्या टपावर ठेवलेला पितळी पेला हळूहळू सरकत कडेला आला आणि पडला. रस्त्याने जाणारा शेजारचा म्हातारा आत डोकावला. “डिकीमा रेडा बांधेल शे का रे, वसंता?”

“कोंडवाड्यातला आहे, बाबा,” दादा म्हणाला. मी मासिकात तोंड लपवलं.

आणि मग मला फुई दिसली. ती शेडकडे पाठ करून, अनवाणी, अंगणात कुरडया उन्हात टाकत होती. ती थांबली. वळली. पायाखाली पाहिलं, मग आमच्याकडे. म्हणाली, “ढोल कोन वाजाडी ऱ्हायनं?”

इतक्या वर्षांत तिने दादाला आवाजाबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न. दादाचा चेहरा मी विसरणार नाही. ती तरातरा आली, मोटारीवर हात ठेवला, मागची सीट चाचपली. “आठे काय दडाडेल शे?” तिच्यापासून लपवणं शक्यच नव्हतं. तिने आत बसून पाठ टेकली, डोळे मिटले आणि मांडीवर बोटांनी ठेका धरला. बरोबर. एकदाही चुकला नाही.

त्या रात्री मी दादाला फुईचा प्रश्न सांगितला. वरातीची हौस तिथेच संपली. आता त्याला एकच पाहिजे होतं... कुसुमचा आवाज.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात माइक ठेवला, शेडपर्यंत वायर ओढली. कुसुम चुलीपुढे बसून हाक मारत होती, “माय! ओ माय!” मग गाणं म्हणाली, मग लाजली, मग परत हाक मारली. फुई मागच्या सीटवर, पाठ टेकून. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिने तळहात सीटच्या पाठीला लावून पाहिला. मग खाली उतरली आणि दादाच्या गालाला हात लावला.

“नही रे बापू. नुसतं हालस.”

ढोलाचा जाड आवाज अंगाला कळतो, माणसाच्या बोलण्यातला बारकावा नाही कळत. मासिकात हे होतं, पण ते पान आम्ही दोघांनी तेवढं लक्ष देऊन वाचलं नव्हतं. फुईने तो विषय पुन्हा काढला नाही.

लग्न नीट पार पडलं. आमच्याकडे नवरीची आई शिवेपर्यंत पोचवायला जाते, पुढे जात नाही. कुसुम सासरच्या मंडळींबरोबर जीपमध्ये, त्यांच्या मागे वऱ्हाडाची लॉरी, आणि सगळ्यात मागे आमची मोटार. तिच्यात कुसुमची भांडी नवापूरला पोचवायची होती. डिकीत जागा पाहिजे म्हणून दादाने आदल्या दिवशीच अँप्लिफायर आणि बॅटरी काढून घरी ठेवली होती. हे मी स्वतः पाहिलं होतं. बॅटरी उचलताना मीच एका बाजूने धरली होती.

शिवेवर मोटार थांबली. फुईने उतरायचं होतं. ती उतरली नाही.

“थोडं आगे,” ती म्हणाली.

दादाने माझ्याकडे पाहिलं. मोटार पुढे निघाली. थोडं पुढे म्हणता म्हणता नंदुरबार गेलं. वैशाखाचं ऊन, खिडक्या उघड्या, सगळा फुफाटा आत. धुळीमुळे दादा अंतर ठेवूनच चालवत होता. लॉरीचा मागचा भाग मधूनच दिसायचा. लॉरीच्या पुढची जीप नाहीच. फुई माझ्या शेजारी पाठ टेकून, डोळे मिटून बसली होती. मांडीवर पाण्याचा तांब्या, तोंडाला फडकं बांधलेला. मला वाटलं, झोपली.

खांडबाऱ्याच्या अलीकडे रेल्वेचं फाटक आहे. आम्ही फाटकापासून बरेच लांब होतो तेव्हा फुईने डोळे उघडले. इकडेतिकडे बघितलं नाही. सरळ ताठ बसली आणि दादाच्या खांद्यावर थाप मारली.

“गाडी थांबाड त्यासनी! कुसुमले तीस लागनी.”

तीस म्हणजे तहान. मी तिच्यापुढे हात हलवून विचारलं, कुणी सांगितलं?

“ती पानी मांगी ऱ्हायनी. माले ऐकाले उनं.”

दादा आरशातून बघत राहिला. नवरीची आई शीव ओलांडून आलेली, त्यात ती बहिरी, आणि मला ऐकू आलं म्हणत भर रस्त्यात वरात थांबवणार... यातलं काहीच खरं नसेल तर? कुसुमला त्या घरात हे जन्मभर ऐकावं लागलं असतं. मी फुईचा हात धरला आणि मान हलवली, नको. तिने माझा हात बाजूला केला. रागाने नाही. जसं आपण अंगावरचं पांघरूण काढतो, तसं.

दादाने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. फाटकाच्या पलीकडे, एका मोहाच्या झाडाखाली, लॉरी आणि जीप थांबल्या.

नवरदेवाचे वडील खाली उतरले. उंच, हसतमुख गृहस्थ. “काय व्हयनं, इहीनबाई? पोर परत लई जातस का?” जीपमधल्या बायका हसल्या. एक जण हळूच म्हणाली, “शीव वलांडी उनी माय!” फुईला अर्थातच ते ऐकू आलं नाही. ती तांब्या घेऊन सरळ जीपपाशी गेली आणि तो कुसुमपुढे धरला.

कुसुमने मान वर केली. तिचा चेहरा बघून बायकांचं हसणं थांबलं. तिने तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि तोंडाला लावला तो रिकामा होईपर्यंत खाली केला नाही. पाणी गळ्यावरून शालूवर सांडत होतं.

“आमले सांगनं व्हतं ना, पोरी,” सासरे ओशाळून म्हणाले. मग त्यांनी लॉरीतला पाण्याचा माठ काढून जीपमध्ये सुनेच्या पायाशी ठेवायला लावला. फुईला खुणेने म्हणाले, इतक्या लांब आलात तर घरापर्यंत चला. फुईने हात जोडले. “नही. मन्हं काम व्हयनं.”

मग आमची भांडी लॉरीत चढवायची ठरली, म्हणजे आम्हाला तिथूनच मागे फिरता येईल. डिकी रिकामी झाली. दादा आत वाकला आणि तसाच थांबला. मीही पाहिलं. फळी जागेवर होती. स्पीकरच्या दोन वायरी तिच्या भोकातून बाहेर लोंबत होत्या, टोकांना दादाने गुंडाळलेली काळी चिकटपट्टी तशीच. कशालाच जोडलेल्या नव्हत्या. जोडायला काही नव्हतंच.

परतीच्या वाटेवर फुई पुन्हा त्याच जागी बसली. नंदुरबार यायच्या आधी ती दादाला म्हणाली, “तुन्ही पेटी चांगली शे रे, वसंता.” दादाने मान डोलावली.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, “ल्हानपने बारीक व्हता, चिमनीगत. आते जाडा व्हई गया. मन्ही मायनागत.”

आजी मी जन्मायच्या आधीच गेली, तिचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. घरी आल्यावर मी आप्पांना सहज विचारलं, कुसुमचा आवाज कुणासारखा आहे? ते अडकित्त्याने सुपारी कातरत होते. वर न बघता म्हणाले, “माय शे ती. डोया मिटी ऐक, मन्ही मायच बोलस.” हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आणि फुईला सांगितलं असतं, तरी त्या मिशांतून तिला काय कळणार होतं?

कुसुम आषाढात माहेरी आली तेव्हा मी तिला एकटीला गाठून विचारलं. ती म्हणाली, “मी कोनलेच नही सांगं. नव्या मानसासमोर पानी कसं मांगू?” घसा कोरडा पडला होता, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. फाटकावर जीप दणकली तेव्हा पदर तोंडात धरून ती हळूच पुटपुटली होती, “माय, पानी.” शेजारच्या बाईलाही ते ऐकू गेलं नव्हतं.

मी खूप विचार केला आहे. वैशाखात नवरीला तहान लागणार, हे कुठल्याही आईला कळेल. पण मग शिवेवर का नाही कळलं, नंदुरबारला का नाही? स्पीकर उलटा वापरला तर माइकसारखं काम करतो, हे मासिकात आहे. पण त्यालाही वायर कशाला तरी जोडलेली लागते. कोइन्सिडन्स म्हणावं, तर आवाजाचं काय? एक बाजू लागली की दुसरी सुटते. दादाने तर विचार करणं सोडून दिलं आहे. त्याने ती वायर अजून जोडलेली नाही. “जोडली आणि बिघडलं तर?” म्हणतो. सायन्सच्या माणसाचं हे उत्तर!

अजून एक सांगते आणि थांबते. मोटार बाजाराला निघाली की फुई हटकून मागे बसते, त्याच जागी, पाठ टेकून. गेल्या मंगळवारी मी शेजारी होते. कापसाच्या शेतांमधून जाताना ती मिटल्या डोळ्यांनी गालातल्या गालात हसली. मी तिच्या हाताला हात लावून विचारलं, काय झालं?

“काही नही,” ती म्हणाली. “हासी ऱ्हायनी ती.”

नवापूरला पत्र दोन दिवसांत पोचतं. मंगळवारी सकाळी तू हसत होतीस का, एवढं कुसुमला विचारलं की झालं. कार्ड मी आणून ठेवलं आहे. ते अजून कोरंच आहे.