एका घावाचा माणूस

बगदादेत दिजला नदीच्या काठी मासे भाजणारे पुष्कळ, पण मासा मारावा तर जासिबनं, असं कर्रादा मोहल्ल्यातले म्हातारे म्हणत. आणि तिथल्या म्हाताऱ्यांना कुणाची उगाच तारीफ करायची सवय नाही.

गिऱ्हाईक हौदापाशी यायचं आणि पाण्यात फिरणाऱ्या कार्प माशांकडे बोट दाखवायचं. "तो, तो जाडा." जासिब जाळीनं नेमका तोच उचलायचा, ओल्या फळीवर निजवायचा आणि डोळ्यांच्या किंचित वर तुतीच्या लाकडाचा दांडका हाणायचा. एकदाच. माशाच्या अंगावरून शेपटीपर्यंत एक शहारा जायचा, की संपलं. मग त्याला पाठीतून उघडून, मीठ फासून, जर्दाळूच्या लाकडांच्या आगीभोवती खुंट्यांवर उभं करायचं. भाजण्यात शेजारच्या चुलीवरचा खुदय्यिरही काही कमी नव्हता. मारणं मात्र जासिबचं.

"माशाला ओरडता येत नाही, पोरा," त्याचा बाप त्याला म्हणाला होता, "म्हणून त्याच्या वाटची घाई आपण करायची." बापानं शिकवलेलं बाकी पुष्कळ जासिब विसरला. एवढं त्यानं धरून ठेवलं.

खुदय्यिरच्या तोंडाला लगाम नव्हता. जासिबनं बाह्या सावरल्या की तो चुलीवरूनच आरोळी द्यायचा, "मंडळी, नीट बघून घ्या! या माणसाला आयुष्यात दुसरा घाव माहीत नाही. बायकोसुद्धा एकच!"

साठी उलटली आणि जासिबच्या उजव्या हाताला कंप धरला. आधी बशीत चहाचा पेला वाजू लागला. मग एका गुरुवारी, गर्दीच्या संध्याकाळी, दांडका अर्धं बोट सरकला आणि मासा फळीवर उसळला. दुसरा घाव घालावा लागला. गिऱ्हाइकाला त्यात काही वावगं दिसलं नाही. खुदय्यिरला दिसलं, आणि तो पहिल्यांदाच गप्प राहिला. त्या गप्प राहण्यानंच जासिब कामावरून उठला. घरी जा असं त्याला कुणीही म्हटलं नव्हतं.

घरी बसलेला पुरुष म्हणजे वाटेत ठेवलेला रांजण. त्याची बायको उम्म वदाद, म्हणजे वदादची आई, केर काढताना त्याला या कोपऱ्यातून उठवी नि त्या कोपऱ्यात बसवी. त्यांची एकुलती एक मुलगी वदाद हिल्ला शहरात शाळेत शिकवायची. बापाचा चेहरा पाहून ईदेला ती काचेची टाकी आणि तीन सोनेरी मासे घेऊन आली.

"बाबा, आयुष्यभर मरायला आलेले मासे पाहिलेत. आता जगायला आलेले बघा."

"ज्या माशाला चूल नाही, त्याच्याकडे बघायचं तरी कशाला?" जासिब म्हणाला, आणि त्यानं तोंड फिरवलं.

पण उन्हाळा आला. भर दुपारी सरकारी वीज जायची, जनरेटरवाल्याची तार पंख्यापुरतीच होती, आणि टाकीतला हवेचा पंप बंद पडायचा. मासे वर येऊन तोंडं उघडी टाकू लागायचे. हौदातल्या माशांची तोंडं त्यानं जन्मभर पाहिली होती. ती संध्याकाळपर्यंतची असत. ही उद्याही असणार होती. तो उठला, तांब्याचा पेला घेतला, आणि टाकीतलं पाणी भरून वरून सोडू लागला, म्हणजे धारेबरोबर हवा आत जाईल. वीज येईस्तोवर तो तेच करत राहिला. पेल्यानं पाणी ओतताना हात थरथरला तरी काही बिघडत नाही. उलट धार फुटते.

साऱ्या उन्हाळाभर त्याच्या दुपारी अशा गेल्या. तिघांतली सगळ्यांत मोठी मासळी, केशरी अंगाची आणि पांढऱ्या डोक्याची, पेला दिसला की धारेखाली येऊन उभी राहायची. तिचं नाव त्यानं खातून, म्हणजे बाईसाहेब, ठेवलं.

"मला कधी खातून म्हणाला नाहीत," उम्म वदाद म्हणाली.

"तू कधी माझ्या धारेखाली उभी राहिलीस?"

"उभी राहिले असते तर ओरडला असतात, की पाणी सांडलं!"

उन्हाळा सरता सरता खातून आजारी पडली. पोट फुगलं. मग खवले अंगापासून सुटून उभे राहिले, खजुरीच्या खोडावर फांद्यांचे खुंट राहतात तसे. जासिबनं तिला वेगळ्या घमेल्यात ठेवलं, मिठाचं पाणी केलं, दिवसातून कितीदा बदललं. पक्षी, कुत्री, मासे विकायला बसतात त्या गजल बाजारात तो शुक्रवारी गेला. मासेवाल्यानं नुसतं वर्णन ऐकूनच मान हलवली. "खवले उभे राहिल्यावर परत निजत नाहीत, चाचा. आता तिला सोडवा."

सोडवा. पण कसं?

खुदय्यिर भेटायला आला तेव्हा म्हणाला, "दिजलेत सोडून दे. नदीची लेकरं नदीला."

"ही नदीची लेक नाही, दुकानाची आहे. तिला सरळ पोहता येत नाही. कासवं जिवंतपणीच कुरतडतील. तुला नदी दिसते, मला तिचा तळ दिसतो."

"मग बर्फात घाल. शेजारचे घालतात."

"सकाळी बर्फात घातलेल्या माशानं दुपारी कल्ला उघडलेला मी पाहिलाय. तूही पाहिलायस. गिऱ्हाईक समोर होतं म्हणून दोघंही बोललो नाही."

खुदय्यिर चहात साखर ढवळत राहिला.

"मुळात करायचं कशाला काही?" उम्म वदाद म्हणाली. "माशाला हलालची सुरी लागत नाही. देवानंच तशी सूट दिली आहे. तो आपला आपण मरतो."

"आपला आपण मरतो खरा," जासिब म्हणाला, "पण त्याला किती वेळ लागतो, ते बघत कुणी बसत नाही."

पुढच्या शुक्रवारी उम्म वदाद डोक्यावर काळी अबाया टाकून आपणच गजल बाजारात जाऊन आली. येताना वैद्याच्या दुकानातून एक इवलीशी बाटली आणली. लवंगेचं तेल. कोमट पाण्यात चार थेंब, पांढरं होईस्तोवर हलवायचं, हळूहळू माशाच्या पाण्यात सोडायचं. मासा पेंगतो, निजतो. निजल्यावर आणखी घालायचं आणि तसाच ठेवायचा. मासेवाल्यानं असं सांगितलं होतं.

जासिबला ते लागलं. "दाढदुखीचं औषध? ज्या हातानं अख्ख्या बगदादचे मासे मारले, त्यानं आता थेंब मोजायचे? माझ्या घरातला मासा माझ्या हातानं जाईल. एका घावात. तिला कळणारसुद्धा नाही."

"तुमचा हात—"

"माझा हात मला माहीत आहे."

सकाळी, चहा झाल्यावर, कंप जरा उतरतो, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तो रोज सकाळची वाट पाही. रोज सकाळी हात समोर धरून बघे आणि म्हणे, "उद्या." घमेल्यात खातून एका कुशीवर पडलेली असे. पेला दिसला की शेपूट हलवू बघे. वर येता येत नसे. असे किती उद्या गेले. माणसाच्या अभिमानाला उद्या म्हणणं सोपं असतं. दुखणं दुसऱ्याचं असलं म्हणजे तर फारच सोपं.

अखेर एका सकाळी हात खरोखरच शांत वाटला. उम्म वदाद गच्चीवर कपडे वाळत घालत होती. जासिबनं अंगणात ओलं गोणपाट पसरलं, दांडका आणला, खातूनला दोन्ही हातांनी उचलून निजवलं. खवले तळव्याला टोचले. ती धडपडली नाही. त्यानं देवाचं नाव घेतलं, जागा पाहिली, डोळ्यांच्या किंचित वर. हजारो वेळा पाहिलेली जागा. त्याला खात्री होती.

दांडका खाली येता येता मनगटात काहीतरी निसटलं.

घाव डोळ्यावर बसला. खातून गोणपाटावर वाकली, सरळ झाली, पुन्हा वाकली. तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. आवाज नाही. जासिबनं दांडका पुन्हा उचलला. आता हात असा हलत होता की टोक कुठं येईल ते देवालाच ठाऊक. तो तसाच उभा राहिला, हात वर धरून. मग दांडका टाकला आणि तिला ओंजळीत घेऊन घमेल्यातल्या पाण्यात सोडलं. पाण्यात लाल धागा सुटला.

उम्म वदाद जिना उतरून आली. तिनं गोणपाट पाहिलं, दांडका पाहिला, नवऱ्याचा चेहरा पाहिला. टोमणा मारायची तिची जन्माची हौस. आज तिनं फक्त दांडका उचलून बाजूला ठेवला.

"ती बाटली," जासिब म्हणाला. "कुठं आहे ती बाटली?"

तिनं काचेच्या बरणीत कोमट पाणी आणलं, थेंब सोडले, झाकण लावलं. "मी हलवते," ती म्हणाली.

"दे इकडे. हा हात आता याच कामाचा राहिलाय."

बरणी त्याच्या हातात आपोआप हलत राहिली. पाणी दुधासारखं झालं. अंगणभर लवंगेचा वास सुटला. जासिब घमेल्याशी बसला आणि कडेकडेनं ते पाणी सोडू लागला, थोडं, मग थांबून आणखी थोडं. खातून एकदा दचकली. मग तिचे पंख ढिले पडले. कल्ले उघडत होते, मिटत होते, मधलं अंतर लांबत होतं. ती कुशीवर कलली, पण आता कळवळून नाही; झोप न आवरणारा जीव कलतो तशी. जासिबनं राहिलेलं सगळं ओतलं.

"इतकं सोपं होतं," तो पुटपुटला. "शुक्रवारपासून घरात होतं."

उम्म वदादनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

दुपारी खुदय्यिर आला. दारातूनच त्याची आरोळी, "काय उस्ताद, सोडवली का तिला? एकाच घावात ना?"

"हो, झालं सगळं," उम्म वदाद घाईनं म्हणाली. "बसा, चहा टाकते."

"नाही," जासिब म्हणाला. "चुकला. डोळ्यावर बसला. मग हिनं आणलेल्या औषधानं गेली."

खुदय्यिर उभाच राहिला. मग चपला काढून तो जासिबच्या शेजारी जमिनीवर बसला. घमेल्यात खातून कुशीवर होती, फुटलेला डोळा खाली, धड डोळा वर. पाणी हलत नव्हतं.

"गेली आहे रे," खुदय्यिर हळू आवाजात म्हणाला. "केव्हाच गेली. आण फावडं, मी खड्डा खणतो."

कल्ला पुन्हा उघडतो का ते बघत जासिबनं त्यावरची नजर काढली नाही.

"बस जरा," तो म्हणाला. "सकाळीही मला खात्रीच होती."