शाळा सोडल्याचे कारण

कुठलाही कागद हाती आला की बाई आधी तो उलटा करून मागची बाजू बघायच्या आणि विचारायच्या, "हे लिहिलंय कुणी? आणि कुणासाठी?" लग्नपत्रिकेचीही त्यातून सुटका नसे. हेडमास्तरांच्या नोटिशीला त्यांनी एकदा हाच प्रश्न विचारला, तेव्हा स्टाफरूममध्ये आम्ही चहा सांडेपर्यंत हसलो होतो.

कर्जतजवळच्या आमच्या शाळेत त्या इतिहास शिकवत, मी मराठी. मुलांसमोर अस्सल कागदच ठेवायचा, हा त्यांचा हट्ट. मी मोठ्या कौतुकाने मोडीतली एक सनद नेऊन दिली, तर म्हणाल्या, "सर, मुलांना वाचता येत नाही तो कागद शोभेचा." कळंबच्या एका रिसॉर्टचं पत्रक मात्र त्यांनी आनंदाने घेतलं. त्यात आदिवासी वाडीवरची माणसं फक्त नाचतानाच दिसतात, हे मुलांनीच शोधून काढलं.

एका वर्षी त्यांनी शाळेचं जुनं रजिस्टर सातवीत नेलं. वाडीवरच्या एका मुलीला त्यात बापाचं नाव सापडलं. शाळा सोडल्याचे कारण: अभ्यासात गोडी नाही.

"खोटं हाय, बाई," ती म्हणाली. "बा आजा-आजीसंगं वीटभट्टीवर गेलता. आजून वडापावचा कागदबी वाचल्याबिगर टाकीत नाय." मग तिने बाईंचाच प्रश्न विचारला, "ह्ये लिवलंय कुनी?"

मी दारात उभा होतो. अक्षर बाईंचं होतं.

"मी," त्या म्हणाल्या.

"आनि कुनासाठी?"

"तपासणीच्या साहेबांसाठी. रकाना रिकामा चालत नसे गं."

बाईंनी दुरुस्ती मागितली. रजिस्टरात खाडाखोड चालत नाही, असं हेडमास्तरांनी सांगितलं. तेव्हापासून त्या दरवर्षी तेच पान वर्गात नेत आणि दरवर्षी त्याच प्रश्नापुढे उभ्या राहत. मला ते बघवेना.

"दुसरं पान घ्या ना," मी म्हणालो.

"घेते की. पण मग अक्षर तुमचं येईल."

मला हसू आलं नाही. वर्षअखेरीला रजिस्टर आम्ही दोघंच भरायचो, आणि कारण विचारायला वाडीवर दोघांपैकी कुणीच गेलं नव्हतं.

बाई वारल्या. यंदा सातवीचा इतिहास माझ्या गळ्यात पडला. मी रजिस्टर नेलं आणि बाईंचंच पान उघडलं. सगळं त्यांच्यावर ढकलून मोकळं होता आलं असतं. त्या काही उलटून बोलणार नव्हत्या. पण माझी मलाच लाज वाटली. मी पुढचं पान काढलं.

पहिल्या बाकावरच्या मुलीने रजिस्टर जवळ ओढलं, नावांवरून बोट फिरवलं आणि मान वर केली.

"सर, ह्ये लिवलंय कुनी?"