टाचून ठेवलेलं मत

कागद सुटा ठेवायचा नाही, ही माझी मास्तरकीतली शिस्त. पंचायत समितीला साधा रजेचा अर्ज गेला तरी मागचे सगळे कागद त्याला टाचलेले असायचे. या सवयीचा मला फार अभिमान होता.

लहानपणी सेनगावच्या शाळेत माझ्या बाकावर बसणारा मित्र त्या वर्षी विधानसभेला उभा राहिला. मी सरकारी नोकर, उघड काही बोलायची सोय नाही. वारंगा फाट्यावर त्याची प्रचाराची गाडी समोरून आली आणि मी घाबरून चहाच्या टपरीत तोंड लपवलं. त्याने पाहिलं. मास्तर दुसऱ्या बाजूला गेला, अशी कुजबुज मग गावभर झाली. मला फार लागलं, पण म्हटलं, माझं मत तर त्यालाच आहे!

माझी निवडणूक ड्युटी वसमतकडे लागली होती, म्हणून मतदान टपाली. मतपत्रिका लहान पाकिटात घालायची, सहीशिक्क्याचं घोषणापत्र मोठ्या पाकिटात वेगळं ठेवायचं, असं साहेब प्रशिक्षणात सांगत होते. मी, चार निवडणुका काढलेला शहाणा, ऐकतोय कशाला? घोषणापत्र मतपत्रिकेलाच टाचलं, दोन्ही लहान पाकिटात घातली आणि डिंक लावून पक्कं बंद केलं.

मतमोजणी शेवटच्या फेरीपर्यंत वर-खाली होत राहिली. मित्र अगदी थोडक्यात पडला. मतमोजणीच्या टेबलाजवळ बसलेला त्याचा प्रतिनिधी दुसऱ्या दिवशी चौकात सांगत होता, "टपाली मतं बी बाद झाली की. एकाच्या मोठ्या पाकिटात घोषणापत्रच न्हाई. मग लहान पाकीट न उघडताच बाजूला ठेवलं."

घोषणापत्र कुठे होतं ते मला बरोबर ठाऊक होतं. एका मताने तो निवडून आला नसता, हे खरं. पण त्याच्यासाठी मी तेवढंच करणार होतो.

आठ दिवस धीर झाला नाही. मग गेलो. अंगणात तो एकटाच बसला होता. "या मास्तर," म्हणाला. आजवर त्याने मला अहो-जाहो केलं नव्हतं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, टाचणीसकट.

मग हसू आवरेना त्याला.

"पाचवीत माझी फाटकी चड्डी टाचणीनं कुणी टाचली होती? तूच ना?"

"आरं पण, माझ्यावर इश्वास तरी..."

"बस खाली. दुसऱ्याला मत दिलेला माणूस ते बाद झालं म्हणून माझ्यापुढं रडायला काहून येईल?" त्याने बाज थोडी सरकवून जागा केली. "लई जणांनी छातीला हात लावून सांगितलं, मत तुलाच दिलं म्हणून. खरं कुणाचं, कुणाला ठावं? तुझं तेवढं कळलं."