पलंगाच्या कठड्यावरचा भगण

“शुक्रवारी रिव्ह्यू आहे. तोवर एकही शब्द आला नाही, तर सेशन्स बंद,” मॅनेजर ज्युली म्हणाली. मास्कमुळे माझा पडलेला चेहरा तिला दिसला नाही, तेवढंच बरं.

मी स्पीच थेरपिस्ट. लॉकडाउनमध्ये परदेशात, डँडेनॉन्ग उपनगराजवळच्या एका एज्ड केअर होममध्ये काम करत होते. माझे पेशंट स्टाव्रोस, ग्रीक शाळेतले जुने मास्तर. स्ट्रोकनंतर त्यांना अफेझिया झाला होता. म्हणजे काय म्हणायचंय ते ठाऊक असतं, पण शब्द बाहेर पडत नाही. एरवी आम्ही ओठांची हालचाल दाखवतो. मास्कमागचे ओठ कसले दाखवणार? ‘टी’, ‘वॉटर’ करून मी थकले. ते आपले डाव्या हाताने कठड्यावर टकटक करत पडून राहायचे. मी नोट्समध्ये लिहिलं: रेस्टलेस.

आत यायला बंदी, म्हणून त्यांची बायको सोफिया रोज दुपारी खिडकीबाहेर उभी राहायची. मी फोन स्पीकरवर धरायची. सात आठवडे तिने नवऱ्याचा आवाज ऐकला नव्हता.

गुरुवारी तिने ती टकटक निरखून पाहिली आणि मला म्हणाली, “डार्लिंग, ही इज टीचिंग!”

मग तिने सांगितलं. ग्रीकांच्या प्राचीन महाकाव्याचा हा ताल. लिहिणं सुरू होण्याच्याही आधी गाणारे लोक हजारो ओळी याच तालावर लक्षात ठेवायचे. स्टाव्रोस चाळीस वर्षं तो टेबलावर वाजवून मुलांना शिकवत होते. एक लांब, दोन आखूड.

गुरू, लघू, लघू. अहो, हा तर भगण! पुण्याच्या शाळेत ‘यमाताराजभानसलगं’ घोकताना आम्ही बाकावर हेच बडवायचो. अफेझियात नवे शब्द अडतात, पण पाठ केलेलं कधीकधी सुटून येतं, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात. मी आकडे म्हणवून पाहिलेही होते, पण इंग्लिशमध्ये. काखेत कळसा नि गावाला वळसा. मला माझीच लाज वाटली.

मी कठड्यावर ताल धरला. सोफियाने फोनवर ओळ सुरू केली. वीस वर्षं घराबाहेर राहिलेल्या एका खलाशाची गोष्ट. अर्ध्यावर ती थांबली.

बाहेरच्या निलगिरीची सावली पांघरुणावर हलत होती. आणि स्टाव्रोसनी ती ओळ पुरी केली. खरखरीत, सावकाश. मग पुढची. मला अक्षरही कळत नव्हतं, पण खोली हळूच किनारा सोडून निघाल्यासारखी वाटली. सोफियाने काचेला कपाळ टेकलं होतं. मी किती वेळ वाजवत राहिले, कोण जाणे.

“पण हे त्याचे शब्द नाहीत,” शुक्रवारी ज्युली म्हणाली.

“आवाज त्याचा आहे ना?”

तिने रिव्ह्यूचा फॉर्म पुढे ओढला. “ओके. आणखी सहा आठवडे.”

त्याच तालावर आम्ही रोजचे शब्द बसवले. काही बसले, बरेच नाही बसले. लॉकडाउन उठल्यावर सोफिया पहिल्यांदा आत आली. स्टाव्रोसनी कठड्यावर टकटक केली आणि ग्रीकमध्ये दोनच शब्द उच्चारले. ती हसता हसता रडायला लागली.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“‘उशीर केलास.’”

तेव्हापासून ‘रेस्टलेस’ लिहिण्याआधी मी घरच्यांना विचारून घेते.