साहेबराव सरांचं भिंग

कन्नडजवळच्या एका हायस्कुलात साहेबराव सर एकोणीस वर्षं भिंगं शिकवत होते. फळ्यावर त्यांची किरणाकृती अशी उतरे, की बघत राहावं. बहिर्गोल भिंगातून दूरच्या वस्तूची प्रतिमा पडद्यावर उलटी पडते, अंतर्गोलाची पडद्यावर पडतच नाही, हे त्यांना झोपेतही म्हणता आलं असतं. खरं भिंग मात्र वर्गात कधी आलं नाही. भिंगांची पेटी कपाटात कुलूपबंद होती. ‘‘पोरं फोडतील,’’ असं सर म्हणत.

यंदा त्यांना आदर्श शिक्षक पुरस्कार हवा होता. हवा म्हणजे काय, त्यात जीवच अडकला होता. शालीचा रंगसुद्धा मनात ठरला होता. संभाजीनगरहून समितीच्या मॅडम आल्या आणि म्हणाल्या, ‘‘सर, भिंगाचा प्रयोग करून दाखवा.’’

पेटी उघडली. आत नुसता भुसा! एकोणीस वर्षांपूर्वी पेटी न उघडताच ‘साहित्य सुस्थितीत मिळाले’ अशी सही सरांनीच ठोकली होती.

पण हार मानतील तर ते साहेबराव कसले? त्यांनी स्वतःचा चष्मा काढून खिडकीसमोर धरला, मागं कोरा कागद. कागद पुढं नेला, मागं नेला. काहीच उमटेना.

पहिल्या बाकावरची तनुजा उठली. ‘‘सर, तुमचा चष्मा लांबचं बघायचा हाय. अंतर्गोल. त्याची प्रतिमा कागदावर पडत नाय. तुम्हीच लिहून दिलंय.’’

मॅडमसुद्धा हसल्या. तनुजा पळाली ती व्हरांड्यात. तिथं शाळेच्या खिचडीचे तांदूळ निवडत बसलेल्या बानाबाईंचा, शहागंजच्या बाजारात घेतलेला जवळचं बघायचा बहिर्गोल चष्मा तिनं मागून आणला. तो धरताच कागदावर अंगणातला कडुलिंब उलटा उतरला, शेजारी समितीची जीप चाकं वर करून. सर वाकून वाकून बघत राहिले. एकोणीस वर्षं फळ्यावर काढलेली प्रतिमा ते आज पहिल्यांदा बघत होते. त्यांना खरोखर लाज वाटली. पण क्षणभरच.

‘‘अल्पखर्ची साहित्य, मॅडम! मी नेहमी असंच शिकवतो.’’

पुरस्कार मिळाला. समारंभात दाखवायला म्हणून बानाबाईंचा चष्मा सरांनी ठेवूनच घेतला होता. तिथं तो पिशवीतून काढून, उंचावून ते वीस मिनिटं बोलले. त्यात ना तनुजाचं नाव, ना बानाबाईंचं.

दुसऱ्या दिवशी शाल पांघरूनच सर शाळेत आले. पोरांना वाढण्याआधी खिचडी शिक्षकानं चाखायची असते. पहिल्याच घासाला कचकन खडा लागला.

‘‘बानाबाई, डोळे फुटले का?’’

‘‘फुटले नाय, सर,’’ बानाबाई म्हणाल्या. ‘‘तुमच्या पिशवीत हायेत.’’