तीर्थ सांडलं तो दिवस

देवीला वाहायचे केस वाढेपर्यंत लेकराच्या नसा वाट पाहत थांबतात का? तुम्हीच सांगा. आमच्या घरानं हा प्रश्न तीन वर्षं विचारला नाही, आणि त्या घरात मीही होते. अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं लिहिणारी, चौकात उभी राहून ती वाटणारी मी.

तनू माझ्या भावाची मुलगी. बाळंतपणात तिचा खांदा अडकला आणि मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या गेल्या. बारशाला आत्या म्हणून तिच्या कानात नाव मीच सांगितलं. त्या वेळी डावी मूठ माझ्या गालावर आपटत होती आणि उजवा हात दुपट्यावर नुसता पडून होता. मी तो उचलला, तर सोडल्यासारखा खाली गेला. पाळण्याभोवती बायका गात होत्या. मी काही बोलले नाही.

डॉक्टर मात्र आधीच बोलले होते. "तीन महिन्यांत कोपर वाकलं नाही तर मोठ्या शहरात नसांच्या सर्जनला दाखवा. उशीर करू नका." माझी आई लगेच म्हणाली, "जावळ झाल्याबिगर लेकराच्या अंगाला लोखंड लावायचं न्हाई, डाक्टरची सुरी बी न्हाई. नवस हाय." पहिल्या वर्षी सुतक आलं, दुसऱ्या वर्षी मामाला रजा मिळाली नाही, आणि मामाच्या मांडीशिवाय जावळ कसं काढणार? असं करत तिसरं वर्ष उजाडलं. हे सगळं आईच्या माथी मारणं मला सोपं होतं. खरं असं, की भावानं मला विचारलं होतं, "तू शिकलेली हायेस, तू सांग." मी म्हणाले, "मोठ्या शहराचं नाव घेतलं की समजायचं, वरून कमिशन हाय." डॉक्टरला एकही प्रश्न न विचारता मी त्याला चोर ठरवून मोकळी झाले. आईचा नवस आणि माझा संशय, दोघांनी मिळून तो हात तसाच ठेवला.

जावळ झाल्यावर आई तनूला नरसीच्या देवळात दर्शनाला घेऊन निघाली. मी सोबत गेले ती आईला रांगेत उभं राहवत नाही म्हणून. दर्शन झालं, तीर्थ घ्यायची वेळ आली. तनूनं डावा हात पुढं केला. मागून कोणीतरी ओरडलं, "उजवा कर बाई, उजवा!" तिनं घाबरून डाव्या हातानं उजवा उचलून पुढं धरला, पण तळवा वर होईना. तीर्थ हाताच्या पाठीवर पडलं आणि ओघळून फरशीवर गेलं. तीन वर्षांची पोर, ती ओल्या फरशीकडे बघत राहिली.

"तिला तळवा फिरवता येत न्हाई," आमच्या मागची बाई शांतपणे म्हणाली. "बाळंतपणात खांदा अडकला व्हता ना?"

मी चमकले. एवढ्या गर्दीत हिला हे कसं कळलं? बाहेर आल्याबरोबर मी तिला गाठलं. "कोणत्या दवाखान्याकडून आलात तुमी?"

ती हसली. "दवाखान्याची असते तर अशी चप्पल असती का पायात? शिरड शहापूरची हाय मी. हळदीची शेती हाय आमची."

"मंग काहून सांगून राहिल्या?"

"मला टायमावर कोन्ही सांगितलं न्हाई म्हणून."

पायरीवर तिची दहा-अकरा वर्षांची मुलगी बसली होती. रांगेत रिबीन सुटली होती, म्हणून ती वेणी घालत होती. दोन्ही हात मानेमागं नेऊन, न बघता, पेडावर पेड. बाईनं तिच्या उजव्या काखेमागचा व्रण दाखवला. मी तरीही विचारत राहिले. ऑपरेशन कोणी केलं, किती दिवस लागले, पुन्हा बिघडलं तर काय?

"लई सवाल हायेत बाई तुमचे," ती म्हणाली. "डाक्टरला इचारा ना. हिला वेणी घालता येती, तेवढंच मला समजतं." तिनं शहराचं आणि सरकारी दवाखान्याचं नाव सांगितलं, मुलीचा हात धरला आणि गेली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

त्या सरकारी दवाखान्यात मी चार पानं प्रश्न लिहून नेले. सर्जननं एकेकाचं उत्तर दिलं. नसा जोडायचा काळ पहिल्या काही महिन्यांचा, तो गेला. आता एक मार्ग व्यायामाचा, पण तेवढ्यानं फार फरक पडणार नाही. दुसरा, पाठीकडचा एक स्नायू सोडवून खांद्याच्या मागं जोडायचा, म्हणजे हात बाहेर वळेल आणि डोक्याकडे जाईल. आणखी थांबलो आणि सांधा बिघडला, तर पुढं दंडाचं हाड कापून फिरवावं लागेल. तळव्याचं वेगळं बघायचं. मी विचारलं, "हात पूर्ण बरा होईल?" ते म्हणाले, "पूर्ण नाही. किती होईल, हे मला आज माहीत नाही." कोणताही बुवा 'माहीत नाही' म्हणत नाही, दलालही म्हणत नाही. तिथं माझी पानं मी घडी घालून ठेवली.

ऑपरेशनच्या खोलीच्या दारापाशी आई नाम घेत बसली होती. विचारायला काही उरलं नव्हतं, आणि ज्याला विचारावं तो आत होता. मी आईशेजारी बसले. कधी हात जोडले ते कळलं नाही.

पुढं सहा आठवडे तनूचा हात प्लास्टरमध्ये, तळवा समोर, वर उचललेला. गल्लीतली पोरं चिडवायची, "बाई, हिला उत्तर येतंय!" आई मात्र देवीच्या उचललेल्या हातासारखा तो हात बघून पदर डोळ्याला लावायची. आज तनू उजव्या हातानं कानामागं केस सारते. वेणी अजून जमत नाही. तीर्थ घेताना उजव्याखाली डावा हात धरावा लागतो, पण सांडत नाही.

ती बाई देवानं पाठवली, असं मी म्हणणार नाही. मला ते माहीत नाही. एवढंच, की रांगेत इतकी माणसं होती आणि आमच्या नेमकी मागं ती होती; आणि मी तिला दलाल ठरवत असतानाही ती सांगायची थांबली नाही. शरण जाणं म्हणजे डोळे मिटणं, असं मला वाटायचं. मला तर प्रश्न घेऊन दारापर्यंत जावं लागलं आणि तिथं ते खाली ठेवावे लागले. त्या अनोळखी बाईचे उपकार माझ्यावर आहेत.

म्हणून एक मागणं. आता ज्या बारशाला जाल, तिथं नाव ठेवण्याआधी दुपटं सोडायला लावा. बाळाचे दोन्ही हात हलतात का, ते नीट बघा. एक पडून असेल तर माझ्यासारखं गप्प बसू नका. गाणं थांबवा आणि त्याच आठवड्यात लेकराला दवाखान्यात न्यायला लावा. जावळ नंतर काढता येतं.