कुणाच्या पोटात?

घड्याळवाला भित्रा आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, आणि त्यानेही ते कधी लपवलं नाही. जिना उतरताना तो कठडा सोडत नसे. गॅस बंद केला की नाही ते बघायला अर्ध्या वाटेवरून परत येई. ढग गडगडले की घरातल्या मांजरांच्या आधी तो दचके. बायको म्हणायची, "ससा मी नंतर आणला, सशाचं काळीज घरात आधीपासूनच होतं." भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. याच्यापाठी सव्वादोन वर्षांची मुलगी होती, आणि तिच्यापाठी एक कुत्रा, तीन मांजरं, तो ससा आणि एक कासव.

जनावरांपैकी एकही त्याच्या मर्जीने आलेलं नव्हतं. बायको हॉस्पिटलात नर्स, तीही म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात. आपण आता घरी परत जात नाही हे एखाद्या आजोबांना कळलं की ते सगळ्यात आधी विचारायचे, "माझ्या मांजराचं काय होणार?" नातेवाईक खिडकीबाहेर बघू लागत, आणि हिच्या तोंडून निघून जाई, "मी नेते घरी." घड्याळवाला दर वेळी म्हणायचा की हे शेवटचं. मग तोच सुतळीने खोकं बांधून ते जनावर घरी आणायचा.

कुत्रा आला तो एका निवृत्त शिक्षकांचा. म्हणून त्याचं नाव मास्तर. मोठ्या हाडापेराचा, तोंडाकडे पांढरा झालेला, आणि हृदय अधू. त्याला दिवसातून दोनदा गोळी द्यावी लागे, आणि मास्तर कुणाच्या हातचं काही घेईना. भाकरीत घालून दिली, दुधात विरघळवली, दात उचकटून घशात ढकलायचा प्रयत्न केला. तो मान फिरवायचा आणि दाराकडे बघत बसायचा. चौथ्या दिवशी मुलीने आपलं अर्धं चावलेलं केळं त्याच्यापुढे धरलं आणि त्याने ते अलगद उचललं.

मुलीला घरात भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी दिसली असं क्वचितच होई. तेव्हापासून मास्तरची गोळी हे भिंगरीचं काम झालं. घड्याळवाला केळ्याचा तुकडा करायचा, त्यात गोळी दाबायचा, तो तिच्या तळहातावर ठेवायचा. मास्तर घ्यायचा. मग भिंगरी त्याचा जबडा दोन्ही हातांनी उघडून आत डोकावायची, कारण बाबा तसं करतात हे तिने पाहिलं होतं. तोंड रिकामं दिसलं की सगळ्यांनी टाळ्या वाजवून म्हणायचं, "शहाणा." ही युक्ती घड्याळवाल्याची. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो ती कौतुकाने सांगत असे.

त्याचं टेबल बाहेरच्या खोलीत होतं. टेबल आणि घर यांच्यामध्ये त्याने स्वतः कमरेएवढं लाकडी फाटक बसवलं होतं, मुलीसाठी. स्क्रू, काचा, काटे, सगळं झाकणाच्या डब्यांत. पण त्याला खरी धास्ती होती ती नाण्याएवढ्या चपट्या बॅटऱ्यांची. पाकिटावरची सूचना त्याने इतक्या वेळा वाचली होती की ती झोपेतही म्हणून दाखवली असती. लहान मुलाने गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांत आतून भाजतं. म्हणून त्या बॅटऱ्या खणात, खणाला कुलूप, आणि किल्ली याच्या गळ्यात. बायको हसायची, पण याने ऐकलं नाही.

त्या दुपारी एका टॅक्सीवाल्याची गाडीची चावी दुरुस्तीला आली होती. दाबली तरी दार उघडत नव्हतं. याने खण उघडला, एक नवी बॅटरी काढून टेबलावरच्या हिरव्या कापडावर ठेवली, खणाला कुलूप लावलं, किल्ली पुन्हा गळ्यात घातली. सगळं अगदी नियमाने. आणि आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला फोन वाजला.

गिऱ्हाईक जुनं होतं. तक्रार अशी की दुरुस्त करून नेलेलं घड्याळ बारा वाजता तेरा ठोके देतं. घड्याळवाला हसला. घरच्यांना एक ठोका फुकट मिळतोय असंही म्हणाला, आणि मग लंबकाच्या वर काय बघायचं ते सविस्तर सांगत बसला. जाताना फाटक त्याने ओढून घेतलं होतं. त्याला एवढंच माहीत नव्हतं की फाटकाला लागून मास्तर झोपतो, आणि गेले तीन-चार दिवस भिंगरी मास्तरच्या पाठीवर उभी राहायला शिकली होती.

तो परत आला तेव्हा हिरव्या कापडावर चावी होती, स्क्रूड्रायव्हर होता. बॅटरी नव्हती.

त्याने टेबलाखाली पाहिलं. कापड झटकलं. मग स्वयंपाकघरातून टाळ्यांचा आवाज आला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

भिंगरी जमिनीवर फतकल मारून बसली होती. समोर केळ्यांची दोन सालं. हात कोपरापर्यंत बरबटलेले. तिच्याभोवती मास्तर, ससा, कासव आणि एक मांजर, सगळे जण जिभल्या चाटत होते.

"बाळा," तो खाली बसला. आवाज साधा ठेवायचा त्याने प्रयत्न केला. "बाबांच्या टेबलावरचं गोल कुठंय?"

"गोळी," भिंगरी म्हणाली.

"हो, गोळी. कुणाला दिलीस?"

"माश्तल शहाणा."

"मास्तरला दिलीस?"

"हो."

"की सशाला?"

"हो."

"कासवाला?"

"हो." तिला हा खेळ आवडू लागला होता. मग तिने केळ्याने माखलेला हात स्वतःच्या छातीवर ठेवला. "मी शहाणी," ती म्हणाली, आणि आत बघा म्हणून तोंड भलंमोठं उघडलं.

तोंड रिकामं होतं. दात, जीभ, आणि मागे लाल घसा.

पुढची दहा मिनिटं त्याने वाया घालवली, आणि ती त्याला आयुष्यभर पुरली. त्याने फ्रिज सरकवला. सालं उलटीपालटी केली. सशाच्या गवतात हात घातला. पायपुसणं झटकलं. त्याला कळत होतं की वेळ जातोय, पण बॅटरी जमिनीवर सापडली तर बाकी काहीच करावं लागणार नव्हतं. शेवटी त्याने मास्तरचा जबडा उघडला. आत केळ्याचा वास होता, दुसरं काही नाही. त्याने ते मोठं पांढरं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि चक्क मोठ्याने म्हणाला, "तुझ्या पोटात असू दे रे. तिच्या नको. तुझ्या असू दे." मास्तरने शेपूट हलवलं.

मग त्याने बायकोला फोन केला. सांगताना तीनदा अडखळला. ती एकदाही ओरडली नाही.

"तिला ओकारी काढायला लावू नका. खायला-प्यायला काही देऊ नका. तडक इकडे घेऊन या. किती वाजता झालं हे?"

त्याने भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर दुरुस्तीला आलेली एकोणीस घड्याळं होती. एकात सव्वातीन, एकात दहा, एकात साडेसात. घड्याळवाल्याच्या घरात त्याला वेळ सांगता येईना. मग त्याला फोनमधली नोंद आठवली. तेरा ठोक्यांचा फोन दोन वाजून बारा मिनिटांनी आला होता. आता दोन पस्तीस झाले होते.

"अहो," बायको म्हणाली, "घाबरू नका. निघा फक्त."

पलीकडच्या दारात पाववाल्याची गाडी उभी होती. पाववाला दुपारची फेरी संपवून आत चहा पीत होता. घड्याळवाल्याचा चेहरा बघून त्याने कप तसाच ठेवला आणि किल्ली उचलली. भिंगरीला कडेवर घेऊन घड्याळवाला पुढे बसला. मास्तर बोलावल्याशिवाय मागे चढला आणि पावांच्या रिकाम्या ट्रेंमध्ये उभा राहिला. त्याला खाली उतरवायला वेळ नव्हता.

रस्ता नेहमीचाच होता, पण घड्याळवाल्याने तो पाहिला नाही. तो मुलीचा गळा बघत होता. ती आवंढा गिळायची, की याच्या काळजाचं पाणी व्हायचं. गाडीत पावाचा वास होता, तिने पाव मागितला, मिळेना तेव्हा भोकाड पसरलं. ती रडत होती तोवर त्याला बरं वाटलं. घसा चालतोय असा अर्थ त्याने काढला. मग ती गप्प झाली, आणि तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. एरवी दिवसातून दहा वेळा तो ती पुसत असे. आज हात उचलवेना.

"लाळ येतेय," तो म्हणाला.

"दात येत असतील," पाववाला म्हणाला, आणि त्याने सिग्नल तोडला.

पुढे तिला उचकी लागली. एक, दोन, तीन. घड्याळवाल्याला एकच दिसत होतं. स्वतःचा हात, त्यात केळं, केळ्यात दाबलेलं काहीतरी गोल, आणि समोर मुलगी शिकते आहे. कुलूप लावलं, फाटक लावलं, किल्ली गळ्यात घातली, आणि गोळी कशी गिळायची ते मात्र स्वतः शिकवलं. वर टाळ्याही वाजवल्या.

हॉस्पिटलच्या दारात बायको उभी होती. तिने मुलीला घेतलं आणि ती चालायलाच लागली, याच्याकडे न बघता. डॉक्टरांनी किती वेळ झाला विचारलं. तो म्हणाला, जवळजवळ एक तास. एक्स-रेच्या खोलीत एकालाच जाता येत होतं. ती गेली. दार बंद झालं.

बाहेर बाकडं होतं, पण तो बसला नाही. दारावरचा लाल दिवा लागला. आतून भिंगरीच्या हसण्याचा आवाज आला. कुणाची तरी टोपी तिला हवी होती. अडकली असती तर हसली असती का, असं त्याने स्वतःला विचारलं. पाकिटावर हसण्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. असली बॅटरी जिभेला टेकवली की चिमटा बसल्यासारखं होतं, हे त्याला आठवलं, आणि त्याने भिंतीला कपाळ टेकलं.

दिवा विझला. डॉक्टरांनी त्याला आत बोलावलं आणि पडदा त्याच्याकडे वळवला.

"मानेपासून ओटीपोटापर्यंत सगळं मोकळं आहे. काही नाही."

"नीट बघा," घड्याळवाला म्हणाला.

"बघितलं."

"तुम्ही परत एकदा बघा."

डॉक्टर चांगले होते, बाजूला सरकले. घड्याळवाला पडद्याला नाक लावून उभा राहिला. सतरंजीत पडलेला तिळाएवढा स्क्रू शोधणारे डोळे त्याचे. त्याने त्या इवल्या बरगड्या एकेक करून पाहिल्या. कुठेही गोल नव्हतं. मग तो तिथेच फरशीवर बसला आणि सगळ्यांसमोर रडला, आणि त्याला त्याची लाज वाटली नाही. भिंगरीने त्याच्या डोक्यावर थापटलं.

"मग मास्तर," बायको म्हणाली.

तिने हे हळू म्हटलं, तरी दोघेही उठून धावले. जनावरांचे डॉक्टर दोन गल्ल्या पुढे होते. गाडीचं मागचं दार उघडलं तेव्हा मास्तर ट्रेंमध्ये आडवा पडला होता आणि तोंडातून फेसाळ पाणी काढत होता. भिंगरी पाववाल्याच्या खांद्यावर झोपून गेली.

या दुसऱ्या पडद्यावर बघायला नाक लावावं लागलं नाही. मोठ्या बरगड्यांच्या मागे, पोटात, एक पांढरं गोल होतं, आणि त्याच्या काठाला आत दुसरी कड. बॅटरीची ती कड घड्याळवाल्याने डॉक्टरांच्या आधी ओळखली.

"नळी घालून काढता येईल," डॉक्टर म्हणाले. "पण भूल द्यावी लागेल. हृदय असं आहे, तो उठेल याची मी खात्री देत नाही. नाही काढली तर पोट आतून जळेल. सांगा."

"काढा," घड्याळवाला म्हणाला.

टेबल पोलादी आणि गुळगुळीत होतं. मास्तरचे पाय त्यावर घसरत होते. तो थरथरत होता, आणि धरायला उभा राहिलेला घड्याळवाला त्याच्याहून जास्त थरथरत होता. इंजेक्शनची तयारी होईपर्यंत मास्तरने आपलं तोंड घड्याळवाल्याच्या काखेत खुपसलं आणि तिथेच ठेवलं. इतक्या महिन्यांत तो कधी याच्याजवळ आला नव्हता.

मग त्यांना बाहेर बसवलं. मुलगी वाचली होती. घड्याळवाल्याला वाटलं होतं की संकट टळलं की भीती जाते. ती नुसती इकडून तिकडे जाऊन बसली होती.

"मी मागितलं हे," तो शेवटी म्हणाला. "घरी. त्याचं तोंड धरून म्हणालो, तुझ्या पोटात असू दे."

बायको आपल्या हातांकडे बघत होती. वॉर्डातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला 'मी नेते' म्हणणारी ती. मास्तरच्या जुन्या मालकांचा हात हातात घेऊन तिने शब्द दिला होता की याला काही होऊ देणार नाही.

"मीपण," ती म्हणाली. "आत, तिचा फोटो काढताना. मास्तरचं नाव घेऊन म्हटलं."

पाऊण तासाने दार उघडलं. डॉक्टरांच्या हातातल्या वाटीत ती बॅटरी होती, एका बाजूने काळवंडलेली. त्यांनी सांगितलं की हृदयाने साथ दिली, तो शुद्धीवर येतोय, ओळखीचं माणूस समोर असलं तर बरं, कुणीतरी एकाने आत या.

दोघेही उठले आणि दाराशी येऊन थांबले. त्याने तिला पुढे व्हायची खूण केली, तिने त्याला. आतून मास्तरचं शेपूट टेबलावर आपटल्याचा आवाज आला, आणि दोघांपैकी एकालाही आधी त्याच्यासमोर जायचं धाडस होईना.